बारी नंबर चार

काळ्या घोड्याच्या अलीकडे, पुलावर गाडी लावते.
दहा मिनिटं. ही कुठल्याच वेळापत्रकात नाहीत.
खाली विश्वामित्रीच्या गाळावर मगर पडलेली,
जबडा उघडा, जानेवारीचं ऊन थेट घशात.
शेंगवाला म्हणतो, सकाळपासून हलली नाही, बेन.
मला तिचा हेवा वाटतो.

सरीसृपांमध्ये चार कप्प्यांचं हृदय कोणाचं?
बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक कापतात.
तीन वर्षं मी हे एक उत्तर बरोबर देते आहे.
बाकीची दगा देतात.

सोमवार ते शुक्रवार प्रयोगशाळा.
जेलच्या पट्टीवर हिमोग्लोबिन पळवायचं.
नेहमीचं पुढे जातं,
विळ्याचं मागे रेंगाळतं, चपलेचा अंगठा तुटल्यासारखं.
भावसार सर म्हणतात, एम.एस्सी. तरी कर नाहीतर डॉक्टर तरी हो,
दोन दगडांवर पाय ठेवलास तर नदीत पडशील.
आपल्या नदीत काय असतं ते सरांना ठाऊक आहे.

दांडिया बाजारात आत्या मटार सोलते.
एक ना धड, भाराभर चिंध्या, म्हणते,
आणि माझ्या हातावर चार कोवळे दाणे ठेवते.

शनिवार मात्र मेहरूबेनचा.
सरकारी दवाखान्याच्या ओसरीत एक टेबल, दोन स्टुलं,
सुतळीने बांधलेलं पेन.
छोटा उदेपूरहून पहाटेच्या बसने माणसं येतात,
दुधाच्या पिशवीत रिपोर्ट घडी घालून.
माझं काम औषधाचं नाही, वाटेचं:
केसपेपर इथे, रक्त तिथे, जिना डावीकडे,
मग बारी नंबर चार.
गुजरातीत बारी म्हणजे खिडकी.
आमच्या घरात बारी म्हणजे पाळी, कधी ना कधी येणारी.
कोकिलाबेन राठवांना साडेनऊपासून
दोन्हींतलं काहीच उघडलेलं नव्हतं.

त्यांचा विपुल, नऊ वर्षांचा,
गुडघे पोटाशी घेऊन भिंतीला टेकलेला.
त्याचं सगळं मला पाठ आहे:
सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं होतं, आलं व्हॅलिन.
विचारलं, रात्री फार दुखतं का रे?
म्हणाला, रात्री नाही. खेळलो की.

अ, ब, क, ड,
कशातच हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मैदानावर गेले नाही.
बूट दाराशी, मी पुस्तकाशी, पान एकच.
साडेपाचला दामिनी घाटगे खाली येऊन ओरडली,
आठच जणी आहोत, मरतेस का!
गेले. धावले.
डाव्या गुडघ्याची साल मैदानाला देऊन आले,
आणि खरं सांगते, तो तासभर
मला विपुल आठवला नाही.

पुढच्या रक्ताच्या शनिवारी त्याने खपली पाहिली.
पडलात?
हो. खो-खो.
मग सगळं सांगावं लागलं: दोन खांब, आठ चौकोन,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
पाठीवर थाप पडेपर्यंत उठायचं नाही.
त्याने बराच विचार केला.
म्हणजे बसलेलेपण खेळतच असतात?

हो, म्हणाले. इतकं सोपं उत्तर
कुणी मला कधी विचारलं नव्हतं.

मगरीच्या हृदयात कप्पे चार असतात
पण बाहेर पडणाऱ्या दोन वाटांमध्ये एक बारीक भोक असतं.
पाण्याखाली गेली की रक्त आपली वाट बदलतं.
हे अभ्यासक्रमात नाही. एका जाड पुस्तकात
चित्राखाली बारीक अक्षरांत होतं,
परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचू नये असं.

आज सहाला सराव चाचणी,
जेल अजून धुवायचं आहे, दामिनीचे दोन मिस्ड कॉल.
गाडीला किक मारते.
शेंगवाला विचारतो, हलली का?
वाकून बघते. गाळावर पोटाचा लांब ठसा,
ओला.
कधी गेली, दोघांनाही दिसलं नाही.