उणे साडेसहा

कुमठेकर रस्त्यावरच्या दुकानात, मागच्या खोलीत,
शिंगवींच्या तेजलने आरसा माझ्याकडे वळवला
आणि म्हणाली, ताई, आता बोट डोळ्यात घाला.
चहात साखर घाला म्हणावं
इतक्या सहज.

डोळा मिटला.
पुन्हा मिटला.
बेचाळीस वर्षं ज्याने मला धुळीपासून, फोडणीपासून,
शेजारच्या पोरांच्या भुईनळ्यापासून सांभाळलं
तो राखणदार माझ्याच बोटाला ओळखेना.
सतराव्या खेपेला बसली.
बसली म्हणजे काय, नाहीशी झाली.
बोटाच्या टोकावर पाण्याचा एक खवला होता,
आणि मग नव्हता.

चष्मा त्यांनी डबीत घालून हातात दिला,
दवाखान्यातून माणसाच्या जागी
त्याचं घड्याळ आणि पाकीट परत देतात तसा.

तिसरीत लागला होता.
पहिल्या दिवशी मला दिसलं
की फळ्यावर आजच्या गणिताखाली
कालचं, नीट न पुसलेलंही असतं.
बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, तू समोर बघ.
तेव्हापासून मी ढापणी.
बाकावर, कवायतीत, कॉलेजच्या ओळखपत्रावर.
फक्त लग्नात फोटोग्राफर म्हणाला,
एवढ्यापुरता काढा हो वहिनी,
म्हणून सप्तपदीत मी
कुणाच्या तरी मागून चालतेय.
श्रीरंगच असावा.

तर आता
अमृततुल्यमध्ये कप तोंडाशी नेला
आणि वाफ नुसतीच वर गेली.
मी धुक्यासाठी थांबले. आलं नाही.
समोरचा माणूस क्रीमरोल बुडवत होता
तो दिसतच राहिला.
म्हात्रे पुलावर स्कूटर, स्कार्फ, वारा,
आणि दर सिग्नलला एक बोट
नाकावरून घसरलेलं काहीतरी वर ढकलायला जातं.
नाकावर दोन खळगे आहेत फक्त,
कपाट सरकवल्यावर फरशीवर राहतात तसे.
ऑफिसात कुंदा मुळेने विचारलं, झोप झाली नाही का गं?
दोघी म्हणाल्या, केस कापलेस वाटतं.

हे सगळं गमतीचं.
एक मात्र तेजलने सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे भांडण म्हणजे
मी आधी चष्मा काढते.
टेबलावर ठेवते, काचा वर करून,
आणि मग बोलते.
समोर शर्टाच्या रंगाचा एक ढग असतो.
ढगाला काहीही म्हणता येतं.
त्याच्या आईवरून, वारज्याच्या फ्लॅटवरून,
त्या साली त्याने सोडलेल्या नोकरीवरून.
अठरा वर्षं मी अशी जिंकत आले.

मंगळवारी सिलिंडरच्या नंबरावरून निघालं.
हात सवयीने कानाकडे गेला.
काढायला काही नव्हतं.
आणि श्रीरंग होता, पुरता,
भुवईतल्या एका पांढऱ्या केसासकट.
मी पहिलं वाक्य टाकलं, नेहमीचं, धार असलेलं,
आणि पाहिलं ते कुठे लागतं.
खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात.
तिथे एक शीर उडते
आणि मग तो हसतो.
मी आजवर फक्त हसणं ऐकलं होतं.
मला वाटायचं, या माणसाला लागतच नाही.

दुसरं वाक्य तोंडात तयार होतं.
त्याचं काय करायचं कळेना.
म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.
तो म्हणाला, चोळू नकोस. हात धुऊन ये आधी.

रात्री बेसिनपाशी उजवी काढली,
तिच्या इवल्या विहिरीत सोडली, झाकण फिरवलं.
डावी सटकली.
चष्मा आतल्या खोलीत, डबीत.
श्रीरंग गुडघ्यांवर, मोबाइलची बॅटरी लावून,
पाय हलवू नकोस, पाय हलवू नकोस.
मी एका पायावर, नळाला धरून,
आणि खाली पुन्हा तोच ढग,
निळ्या बनियनचा.
ओठ कुठे असेल याचा मी अंदाज बांधत होते.

सापडली, तो म्हणाला,
आणि बोट वर धरलं.
मला बोटही दिसलं नाही.
नळाखाली नको धरूस, मी म्हटलं,
त्या बाटलीतलं पाणी घे.
कुठली बाटली?
तुझ्या डावीकडे.