रिटर्न ट्रू

सोहारला रात्री अडीच वाजता
समुद्र दिसत नाही, नुसता अंगाला चिकटतो.
सर्व्हरच्या खोलीत मात्र अठरा अंश,
मी ऑगस्टात स्वेटर घालून बसलेली.

दुपारी दाऊद मुकादम खिडकीशी आला होता.
वेल्डर. कोपरापर्यंत ठिणग्यांचे व्रण.
"बाई, तीन महिने घरी पैसे नाय पोचले.
जरा बघाल काय?"
मी पडदा त्याच्याकडे वळवला:
चारशे एकोणीस नावं,
चारशे एकोणीस हिरव्या खुणा.
तो त्या हिरव्याकडे बघून कसनुसा हसला,
मला ओशाळं वाटू नये म्हणून.

आता शोधते आहे.
विथ लिहिलं की दार उघडतं.
आतलं काम बिघडो, मोडो, पेटो,
निघताना दार लागेल, एवढाच त्याचा शब्द.
मग एक्झिटच्या तळाशी ही ओळ कुणाची?
रिटर्न ट्रू.
तारीख बघितली. माझीच.
रमजानातली रात्र. मॅनेजरला सकाळी लाल नको होतं,
आणि मी रखवालदाराला पढवून ठेवलं:
आत कुणी ओरडलं तर तोंडावर हात ठेव,
दार लाव,
विचारलं तर म्हण, खरं, सगळं खरं.
आळीमिळी गुपचिळी.

ओळ पुसली. पुन्हा चालवलं.
आता ओरडलं, पण भलतंच कुणी.
व्यवहार मागे घ्यायला जावं तर जोडणीच तुटलेली;
दार लावणाऱ्याचाच हात दारात चेंगरला
आणि त्याच्या बोंबेत
आतली पहिली हाक बुडून गेली.
वर, खूप वर सरकत गेले
तेव्हा सापडलं एक अक्षर.
कार्डावर दाऊदला अरबीत एकच वाव,
बँकेत दोन.
त्या एका वावापायी
दापोलीकडच्या कुठल्याशा शाळेत फी थकलेली.

पहाटे त्याला फोन लावला.
घरी काय सांगितलंत इतके दिवस?
"आधी म्हटलं बँकेला सुट्टी. मग म्हटलं सर्व्हर.
बाकी सगळं बरं हाय, म्हटलं."
मला पुढे काही सुचेना.
फोन ठेवला तर वर आईचे दोन मिस्ड कॉल,
परवाचे.

सकाळी पडद्यावर अकरा नावं लाल.
मॅनेजर करकचा कप घेऊन उभा. हे काय?
अकरा, म्हटलं.
दाऊद धरून.