चार बोटं

माग विकला तेव्हा जकार्डची कार्डं कुणी घेतली नाहीत.
भंगारवाला म्हणाला, भोकाच्या पुठ्ठ्याला कसला भाव गा?
वडगावात त्या साली कितीतरी घरांत
ती पोत्यात बसून राहिली, माळ्यावर.

एका कार्डात कोयरीची एक रेघ.
चारशे ओळीनं लागली तर कोयरी.
अप्पांनी हाताला येतील ती चोवीस घेतली,
तारेच्या कड्यात ओवली
आणि साठच्या बल्बवर पालथी घातली,
डालग्यासारखी.

भिंतभर ठिपके.
मी त्यात कोयरी शोधायची.
ती कधी पुरी झाली नाही.

तिसऱ्या रात्री वास आला.
आम्हाला नाही, आमची नाकं खळीला सरावलेली.
पलीकडची निलव्वा दारातनंच ओरडली,
‘सुट्ट वासनी बराकत्तैती!’
अर्थ विचारायला कुणी थांबलं नाही.

जळालं काहीच नाही. तसं सांगण्यासारखं काही नाही.
एक कार्ड काचेला टेकलेलं,
त्याच्या भोकाची कड चहाच्या रंगाची.
अप्पा बटण बंद करून
कितीतरी वेळ खाली उभे.
मग वर बघितलं: आढ्यावर, वायरीवर, होल्डरवर
सुताचा तूस,
वीस वर्षांचा, मऊ.
‘एवढा पुरला असता,’ म्हणाले.

सकाळी आधी झाडू. मग पक्कड, नवं मोठं कडं.
‘बल्ब आणि कागद, मधे चार बोटं पाहिजेत,’
म्हणत हात घातला, आणि थांबले.
उजव्याला तीनच.
चौथं पट्ट्यानं नेलेलं, मी जन्मायच्या आधी.
‘तुझी बोटं आण.’
मी आठ वर्षांची. माझी चार म्हणजे
त्यांची दोनसुद्धा नव्हेत.
‘मग दोनदा मोज की.’

आता आत सात वॅटचा पांढरा बल्ब आहे.
तासभर जळला तरी मुठीत धरता येतो.
पोरगा हसतो, आई, ह्याला काय होणार?
काही नाही होणार, बाबा.
तरी दिवाळीआधी झाडून घेते, वायर तपासते,
निजताना बटण बंद करते,
आणि कडं परत अडकवताना
बोटं घालून बघते. माझी आता पुरतात.

चहाच्या रंगाचं ते कार्ड मी टाकलं नाही.
त्याची कड झडून भोक रुंद झालंय.
भिंतीवर, कपाटाच्या जरा वर,
एक ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा पडतो.