मापं

सेलूत मोंढ्यामागं माझं शिलाईचं दुकान.
भर दुपारी फोन काळा पडला,
वर दोनच ओळी: कुलूप आम्ही लावलंय,
किल्लीचे पाच हजार.

हातातच होता की,
खडूनं पांढरा, टेपच्या शेजारी.

इलियासनं विचारलं, "पासवर्ड काय व्हता, ताई?"
लेकीचं नाव.
"आन् कुठं कुठं?"
सगळीकडंच. मेलला, बँकेला,
त्या फुकटच्या ब्लाउज-डिझाईनवाल्या ॲपला.
तो हसला नाही, तेच लागलं.
"रुपया देऊ नका," एवढंच म्हणाला. "दिला की पुन्हा येतेत."

आत एकशेचाळीस बायांची मापं.
छाती, कंबर, मुंढा.
कुण्या परक्यानं ती वाचली असतील का,
ह्या विचारानं सुई दोनदा बोटात गेली.

फोन सगळा पुसला तेव्हा सुटला.
बाया परत आल्या, हात वर करून उभ्या राहिल्या.
गोदूबाईची कंबर चार बोटं उतरलेली.
कधीपासून, मी विचारलंच नव्हतं.

आता मापं दोनशे पानी वहीत,
दर कुलपाला निराळी किल्ली,
वर ओटीपीचा अडसर.
रात्री शिवकन्या म्हणाली, "माझं नाव काढलंस?"

काढलं, बाई.
नाव हाक मारायला असतं.