उधारीच्या वहीतलं एक पान

नदाफ साऊंड सर्व्हिस, शेळगी.
लग्न, बारसं, जयंती, वास्तुशांत,
आणि एका पानावर निळ्या शाईनं: धोटा.
पुढं कंसात, पोरं.

पहिल्यांदा आले तेव्हा मी समजलो मिरवणुकीचं विचारायला आलेत.
चौघं. एक स्कुटी, एक सायकल,
दुलईच्या खोळीत गुंडाळलेली गिटार.
"अंकल, सगळ्यात स्वस्त डबा कुठला?"
कोपऱ्यातला दाखवला. जाळी फाटलेली,
बटण दाबलं की आधी घरघरतो,
दम्याचा म्हातारा उठून बसावा तसा.
"अर्थिंग लूज हाय बे. उद्या करून देतो."
त्या उद्याला
आता सहा वर्षं झाली.

अक्कलकोट रोडला गोसकींचा कारखाना.
चोवीस मागांतले सहा चालू,
बाकीचे आपल्याच चादरी पांघरून झोपलेले.
झोपलेल्यांच्या मधल्या गल्लीत ही तालीम करायची.
मळसिद्ध आधी नुसता ऐकायचा
खटका कुठं पडतोय ते,
आणि तिथं न मारता
अर्धा श्वास मागं मारायचा.
धागा तुटला की कामगार शिव्या द्यायचे ड्रमला.
पुढं मळसिद्धला कावीळ झाली, तालीम बंद,
तेव्हा कांड्या भरणारा अंबय्याच विचारत आला,
"पोरगं कुठं हाय? हात चालंना झालाय."

पद्मजा यमुलचा गळा गोड नाही.
आई विड्या वळते, घरभर तंबाखूची धूळ,
ती धूळ आवाजात बसलेली.
पाचव्या दिवशी नळाला पाणी यायच्या आधी
फुसफुसत हवा येते ना,
त्या हवेवर गाणं केलं तिनं.
अर्धं मराठी, मधे आईशी तेलुगूत भांडण,
आणि शेवटी एक शिवी, कन्नडमधली,
कारण विरूपाक्ष म्हणाला
शिवी आमच्याकडची जास्त टिकते.

आणि नरहरीनं जाड तार ओढली तेव्हा
माझा बाप दिसला मला.
उन्हात, ओसरीवर, पिंजण टांगून,
तात छेडतोय, कापूस उडतोय,
भुवयांवर, मिशीवर, आमच्या भाकरीवर.
तोच आवाज. छातीत आधी, कानात नंतर.
त्या रात्रीचं भाडं लावलंच नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगला मात्र फजिती झाली.
"नाचायचं लावा की बे!" मागनं ओरडा,
मग चपला, मग पाण्याच्या बाटल्या.
तिसऱ्या गाण्याला सरांनी माझ्याकडं बघून मान हलवली.
मेन स्विच पाडणारा हात
माझा होता.
पद्मजा अंधारात तशीच गात राहिली,
पुढच्या दोन रांगांना तेवढं ऐकू गेलं.
वहीत लिहिलंय: अर्धं भाडं, रोख.

नळाचं गाणं फोनवर कुणी धरलं, ठाऊक नाही.
आधी रिक्षात ऐकलं, मग एमआयडीसीच्या कँटीनला,
मग भाची म्हणाली, पुण्याला तिच्या हॉस्टेलच्या पोरी
बादली भरताना म्हणतात.
पोस्टरवर नाव आधी तळाला, मुंगीएवढं.
बेंगळुरूला मधे.
यंदा वर.

पुण्याच्या स्टुडिओत गाणं साफ केलं म्हणे.
खटका काढला, घरघर काढली.
ऐकलं मी.
दवाखान्याच्या चादरीसारखं.
पांढरं, कुणाचंच नाही.

परवा फोन. "अंकल, तो डबा भंगारात नाही ना घातला?
रविवारी होम मैदानावर आहे आपलं.
आणि ऐका, रिपेर करू नका."

आत्ता डबा उघडून बसलोय.
आत सहा वर्षांची धूळ, मेलेलं एक झुरळ,
आणि ती वायर, बोटभर, सुटून लोंबणारी.
सोल्डर तापलाय. सवयीनंच तापवला.
धूळ फुंकली, फ्यूज बघितला,
वायरीला हात लावला नाही.

वही काढली. डबा एक. दर नवीन.
कंसातलं पोरं खोडलं.
ते गॅदरिंगचं अर्धं भाडं तेवढं
कुठल्या बाजूला धरायचं,
जमा का नावे,
ते अजून ठरत नाही.