मोठ्या पन्ह्याचं केंब्रिक

क्लॉथ मार्केटच्या चौथ्या दुकानातही
मुंगीकाकांनी कापड पाहिलं नाही. फाडून ऐकलं.
आधी काठाला दातांनी चीर,
मग दोन्ही हातांनी एकदम.
टेरिकॉट किंचाळलं.
"हे रंग पीत नाही, नुसतं पांघरतं.
घडी पडली की पोपडे."
गल्ल्यावरून पोरवाल शेठ म्हणाले,
"भिया, लेना भी है, कि सब फाड़ के जाओगे?"

मी मंडळाची खजिनदार.
पर्समध्ये वर्गणीचे चार हजार दोनशे
आणि नाटकाची वही, जी काकांनी उघडलीही नव्हती.
त्यांनी एवढंच विचारलं:
पडदा गुंडाळणार की घडी घालणार?
नट त्याला टेकतो का?
उजेड पुढून की मागून?

मागून, म्हटलं. तिसऱ्या अंकात
घाटावर पहाट होते.
आणि त्याआधी?
त्याआधी दोन अंक रात्र.

काका गादीवर बसले, चपलांसकट.
रात्रीला मांजरपाट लागतो,
जाड, बिनधुवट, सरकीचे ठिपके राहिलेला,
सरस-खडूचे दोन हात खाऊन ताठ लोंबणारा.
पहाटेला तो आंधळा.
पहाटेला हवं केंब्रिक, खळ नावापुरती, रंग पाण्यासारखा,
म्हणजे मागे दिवा चढत गेला की
आधी नदी उजळेल, मग देऊळ.
पण केंब्रिकमागून मांजर गेलं तरी घाट हलणार.
नदी हलली तर चालते हो,
देऊळ हलून कसं चालेल?

"खाली जाड लावा, वर पातळ," मी हिशेबी बोलले.
"नदी कुठे असते?"
मी गप्प.

शेठने सर्वांत वरचा गठ्ठा काढायला लावला.
ते फाटलं तेव्हा
लांबून कुणी श्श म्हणावं, तसा आवाज आला.
"तेरा मीटर. शिवण एकच येईल,
ती पायऱ्यांत गाडतो.
आणि पडद्यामागून कुणी जायचं नाही.
अगदी कुणीही."

जानेवारीत प्रयोग झाला.
डाव्या विंगेतून उजवीकडे जायची वाट
हॉलमागच्या गल्लीतून होती.
मी टॉर्च घेऊन उघड्या गटारापाशी उभी.
पगडी, तलवार, पायांत हवाई चप्पल,
बिडवई दोनदा धावले, दुसऱ्यांदा मागे कुत्रं.
गराडूवाल्याने झारा बाजूला धरून
सुभेदारांना वाट दिली.
नायिका शालू गुडघ्यापर्यंत खोचून
स्वगत पुटपुटत गेली, थंडीने दात वाजत.

म्हणून पहाट मी पाहिलेली नाही.
मागचं दार किलकिलं होतं,
त्यातून अडीच तास हॉलचा खोकला येत होता.
तो थांबला.

शेजारी काका, कानांवर मफलर,
हातात गराडूचा दोना, खात नव्हते.
"नदी," म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
"आता देऊळ."