भायला

चिकोडीच्या कोर्टात मी तेहतीस वर्षं
मराठीचं कन्नड केलं, कन्नडचं मराठी.
खून, बांध, नवऱ्यानं टाकलेल्या बायका,
सगळे माझ्या तोंडातून गेले
आणि जिभेला काही चिकटलं नाही.
एक शब्द सोडून.

आमदार तवनाप्पा कमत्यांना निपाणीत
तंबाखूच्या वखारीच्या दारात गोळी लागली,
त्या संध्याकाळी अक्काताई भोपळे
जर्दा चाळत होती, दारापासून आठ हातांवर.
साक्षीला उभी राहिली तेव्हाही
तिच्या लुगड्यातून तंबाखू उडत होती.
न्यायाधीश शिंकले. मग वकील. मग मी.
त्या शिंकांमधून ती बोलली ते असं :
"भायला म्हणावा तसा कोण नव्हता, सायब."

मी कन्नडात सांगितलं : होरगिनवनु.
बाहेरचा.
उरलेलं वाक्य रुमालात राहिलं.

लेखनिकानं तेवढंच टिपलं.
बेळगावात कुणीतरी त्याचं इंग्रजी केलं,
तिथं तो फॉरेनर झाला,
बंगळूरला गेला, सूट शिवून परत आला.
महिन्याभरात पेपरात त्याचे डोळे निळे होते.

मग काय.
संकेश्वरच्या स्टँडवर कळलं, गोळी विलायतेत ओतलेली.
हिडकल धरणावर मोजमापाला आलेला गोरा
आदल्याच आठवड्यात घटप्रभेत पोहला होता,
उगाच कोण पोहतं?
कोगनोळीच्या नाक्यावरच्या पोरानं
बिननंबरची पांढरी गाडी पाहिली होती;
पुढं त्याला नंबरही आठवला.
चोर्ल्याच्या घाटात पोर्तुगीज दिसले,
कारवारला पाणबुडी.
साहेबाच्या सिगारेटीला आमची बिडी बघवत नाही
हे तर हजामाच्या खुर्चीत सिद्धच झालं.

एकमेकांच्या पाट्यांना काळं फासणारे
त्या पावसाळ्यात एका बाकावर चहा प्याले,
एका बशीतनं भजी खाल्ली.
इतक्या वर्षांनी दोघांना मिळून
एकच परका सापडला होता.

मी अर्ज लिहिला, दोन्ही भाषांत.
फाडला, दोन्ही भाषांतला.
कारण वाक्य पुरं केलं तर
वखारीच्या दारात उरतं कोण?
चुलतभाऊ, ज्यानं खांदा दिला.
हिशोबनीस मगदूम, जो म्हणाला लाईट गेली होती;
त्या रात्री गल्लीत कुणाचीच गेली नव्हती.
नगरपालिकेतले चौघं, पुतळ्याच्या वर्गणीत सर्वांत पुढं.
आणि सगळ्यांच्या पोरी एकमेकांच्या घरात दिलेल्या.

पाणबुडी बरी.
तिला सोयरीक नसते.

माझी आई कागलची. नाक्यापलीकडची.
म्हणजे मीही अर्धा होरगिनवनु,
हे मी घरी हसत सांगायचो.
बायको हसायची नाही.
एकदाच तिनं विचारलं,
भाकरी तव्यावर टाकता टाकता,
शिंक खरंच आली होती काय ओ?
आली होती.
पण शिंकतं ते नाक.
कान शिंकत नाहीत.

आता पुतळ्याखाली रिक्षा लागतात.
नवी पोरं मोबाईलवर मला दाखवतात
परदेशी गुप्तहेरांची नावं, नकाशे, बाण,
आणि एका कागदाचा फोटो,
अस्सल, सहीशिक्क्याचा पुरावा.
माझीच सही. वळणदार. तेव्हा हात थरथरत नव्हता.

गेल्या गुरुवारी बाजारात अक्काताई दिसली,
पार वाकलेली, शेवग्याच्या शेंगांपुढं.
ओळखलं तिनं. म्हणाली,
"ओ दुभाषी, मी सांगितल्यालं समदं लिवलासा न्हवं?"

मला दोन भाषा येतात.
मी शेंगांचा भाव विचारला.